वीस हॉर्सपॉवरची हद्द

"वीस पॉइंट चार," केसकर म्हणाले. पडद्यावरची नजर काढून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनाही ते सांगणं जड गेलं होतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

रोलरवर पट्ट्यांनी आवळून बांधलेली माझी गाडी तापून टिकटिक करत होती. तिच्यावर जुबेर तसाच बसून होता. हेल्मेट मांडीवर, केस घामानं कपाळाला चिकटलेले. नुकतीच त्यानं दख्खन चषकाची शेवटची शर्यत जिंकली होती. बाहेर कुणीतरी हलगी तापवून वाजवायला सुरुवातही केली होती. शेडमध्ये माणसं दाटीनं उभी होती.

"हद्द वीसची आहे, मॅडम," केसकर आवाज खाली आणून म्हणाले. "गाडी बाद धरावी लागेल."

मी कोल्हापुरात स्वतःचं गॅरेज टाकलं त्याच्या दुसऱ्या वर्षाची ही गोष्ट. हायवेच्या बाजूला वळणावळणाचा एक छोटा डांबरी ट्रॅक होता, तिथं ही शर्यत व्हायची. दोनशे सीसीच्या वर्गाचा नियम सरळ होता. इंजिनात काय करायचं ते करा, पण मागच्या चाकावर वीस हॉर्सपॉवरच्या वर ताकद जाता कामा नये. जो जिंकेल त्याची गाडी शर्यत संपल्या संपल्या डायनोवर चढायची. डायनो म्हणजे ताकद तोलायचा काटाच. मागचं चाक एका जड लोखंडी रोलरवर ठेवायचं, गाडी जागच्या जागी पळवायची. चाक तो रोलर किती झपाट्यानं फिरवतं, यावरून संगणक ताकद काढतो आणि तिचा ग्राफ कागदावर छापून देतो. त्यासाठी आयोजकांनी पुण्याहून ट्रेलरवर डायनो आणला होता. त्याच्याबरोबर आलेले केसकर हे तरुण इंजिनियर. माणूस सरळ. त्यांच्या मनात कुणाबद्दल काही नव्हतं, हे आधीच सांगते.

बाद होणं म्हणजे नुसता चषक जाणं नव्हे. हद्द ओलांडलेल्या गाडीच्या रायडरला दोन हंगाम बंदी, आणि इंजिन ज्यानं केलं त्याचं नाव माईकवरून जाहीर. जुबेर शिकलगार दिवसा कुरिअरची पार्सलं वाटायचा आणि उरलेल्या वेळात माझ्या गाडीवर सराव करायचा. चेन्नईच्या एका कंपनीनं त्याला आपल्या संघाच्या चाचणीसाठी बोलावलं होतं. बंदी आली की ते दार बंद. आणि माझं म्हणाल तर, त्रिशला मगदूम या नावाच्या बाईकडं इंजिन उघडायला द्यावं की नाही, याचा लोक आधीच दहादा विचार करायचे. त्यात माईकवरून 'फसवणूक' हा शब्द माझ्या नावाला चिकटला असता, तर शटर ओढून घरी बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

जुबेर गाडीवरून उतरून माझ्याजवळ आला.

"ताई, आपण तर काय उलटं केलं न्हाई ना?" त्यानं कुजबुजत विचारलं.

मी पडद्यावरच्या आकड्याकडं बघत होते. खरी गोष्ट अशी होती की ते मलाच माहीत नव्हतं. ते इंजिन मी कधी डायनोवर चढवलंच नव्हतं. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडायचं, हातानं घासायचं, परत बसवायचं आणि जुबेरला ट्रॅकवर सोडायचं. तो येऊन सांगायचा, "तिसऱ्या वळणातनं निघताना जरा दम लागतोय," की मी पुन्हा हेड उघडायचे. ताकद वीसच्या आतच असणार अशी माझी खात्री होती, कारण ती वाढवायच्या मागं मी लागलेच नव्हते. पण खात्री वेगळी आणि मोजलेला आकडा वेगळा. आकडा पडद्यावर लख्ख दिसत होता. माझ्या हातून नकळत ताकद जास्त निघाली असेल का, असं क्षणभर मलाही वाटलं.

शेडच्या दाराशी वस्ताद उभे होते.

त्यांचं नाव निवृत्ती लोहार. पण उद्यमनगरच्या कारखान्यांत ते नाव कुणी घेत नसे. नुसतं वस्ताद म्हटलं की पुरे. डिप्लोमा झाल्या झाल्या मी त्यांच्याकडं कामाला लागले ती सहा वर्षं तिथंच राहिले. पाना कसा धरायचा इथपासून इंजिनाचा आवाज कसा ऐकायचा इथपर्यंत जे मला येत होतं, ते सगळं त्या माणसानं शिकवलेलं. मग आमचं बिनसलं. कशावरून, ते पुढं येईलच. मी वेगळं गॅरेज टाकलं, आणि तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. रस्त्यात समोर आले तर मी मान खाली घालायचे आणि ते दुसऱ्या फुटपाथला जायचे.

त्या दिवशी दुसरा आलेला यशवर्धन वस्तादांचाच रायडर, आणि गाडीही वस्तादांनीच तयार केलेली. म्हणजे आम्ही बाद झालो की चषक वस्तादांचा.

यशवर्धन शिर्के पुढं आला. पोरगा मनानं वाईट नव्हता, पण हरल्याची आग अजून डोक्यात होती. तो केसकरांना म्हणाला, की त्याला पहिल्या फेरीपासून संशय होता. सरळ रस्त्यावर तो जुबेरला दर वेळी गाठायचा, मागं टाकायचा. पण वळणातून बाहेर पडलं की जुबेरची गाडी अशी काही निसटायची, की नियमातलं इंजिन तसं ओढूच शकत नाही. आसपासच्या चार-दोन जणांनी माना डोलावल्या. शर्यत सगळ्यांनी बघितली होती, आणि तो खोटं सांगत नव्हता. तसंच झालं होतं.

मी केसकरांना म्हटलं, "पुन्हा एकदा घ्या. नियमात बसतंय ना?"

बसत होतं. एका गाडीला एकदा फेरमोजणी मागता यायची. केसकरांनी पट्टे तपासले, टायरमधली हवा बघितली, पंखा सुरू केला. त्यांचा माणूस गाडीवर बसला. इंजिन चढत चढत ओरडायला लागलं, पत्रे थरथरले, आणि पडद्यावर रेघ डावीकडून उजवीकडं सरकत वर गेली.

वीस पॉइंट पाच.

मागून कुणीतरी हसलं. जुबेरनं हेल्मेट जमिनीवर ठेवलं आणि तो भिंतीला टेकून खाली बसला. पण माझ्या डोक्यात मात्र त्या क्षणी काहीतरी टोचलं.

शर्यत पळून आलेलं, मग दोनदा रोलरवर ताणलेलं इंजिन. त्याला थंड व्हायला वेळच मिळाला नव्हता. असं तापलेलं इंजिन दुसऱ्या खेपेला थोडं तरी मंदावतं. हे कुणाही मेकॅनिकला विचारा. माझं मात्र वाढलं होतं. जास्त नाही, पण वाढलं होतं. पळून दमलेला माणूस परत पळायला लावल्यावर आधीपेक्षा जोरात पळाला, तर तुम्ही त्याच्या पायांवर विश्वास ठेवाल की घड्याळावर?

मी केसकरांकडं वळले. "दुसऱ्या नंबरची गाडी याच रोलरवर चढवा."

ते म्हणाले, नियमात तशी सक्ती नाही, पहिली गाडी बाद झाल्यावर दुसरीची मोजणी उद्या सकाळी निवांत घ्यायची असं ठरलं आहे. त्यावर मी म्हणाले, की काटा बरोबर आहे की नाही हे कळायला दुसरं वजन त्याच काट्यावर, आत्ताच्या आत्ता ठेवून बघावं लागतं. उद्या सकाळी ठेवून काही कळायचं नाही. केसकरांना ते पटलेलं दिसलं, पण त्यासाठी यशवर्धनची तयारी हवी होती.

यशवर्धन तडकला. त्यानं साफ नकार दिला. आपण जिंकलेला चषक आपण होऊन कशाला धोक्यात घालायचा, असं त्याचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर त्याच्या जागी मी असते, तर मीही तेच म्हणाले असते.

तेव्हा वस्ताद दारातून आत आले. माणसांनी वाट दिली. त्यांनी आधी माझ्या गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ बघितलं.

"गाडी आण," ते यशवर्धनला म्हणाले.

"वस्ताद, अहो कशाला? आपल्याला काय गरज..."

"ही माझ्या हाताखाली शिकलीय," वस्ताद म्हणाले. आवाज चढवला नाही, पण शेडच्या टोकापर्यंत ऐकू गेला. "हिचं इंजिन चोरीचं निघालं तर लोक इचारतील, चोरी शिकवली कुणी. त्याचं उत्तर मी काय देऊ? आण गाडी."

यशवर्धन पाय आपटत गेला आणि गाडी घेऊन आला. माझी उतरली, वस्तादांची चढली. पट्टे आवळले गेले. मी आणि वस्ताद रोलरच्या दोन बाजूंना उभे होतो. इंजिन सुरू झालं तसं माझे डोळे आपोआप मिटले. ते इंजिन मी ओळखत होते. त्याचा वरचा ओरडा, शेवटाला गेल्यावर बारीक होणारा, धार लावलेल्या पात्यासारखा, तो वस्तादांच्या हाताचा होता. सगळ्या उद्यमनगरात तसा आवाज दुसऱ्या कुणाचा निघत नसे.

केसकर पडद्याकडं बघत राहिले.

"वीस पॉइंट आठ."

एकदम गलका उठला. जो तो बोलायला लागला. यशवर्धननं हातमोजे काढून फेकले आणि वस्तादांना म्हणाला, "मिळालं समाधान? आता दोघंही बाद." मघाशी हसलेला माणूस आता कुणाकडं बघून हसावं या पेचात पडला होता. केसकर एकटे पुन्हा पडद्याकडं वळले. त्यांच्या कपाळावर आठी आली होती. पहिल्या दोन नंबरच्या दोन्ही गाड्या हद्दीबाहेर, हे त्यांनाही खटकत होतं.

वस्ताद गोंधळाकडं ढुंकूनही न बघता टेबलापाशी गेले. छापून आलेले ग्राफ उचलले आणि मला हाक मारली.

"त्रिशला, हिकडं ये."

एवढंच. आणि मी गेले. जशी सहा वर्षं रोज जात होते तशी त्यांच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिले. त्यांनी कागद टेबलावर पसरले.

"दोघं चोर हाईत का काटा खोटा हाय?" त्यांनी विचारलं.

"काटा," मी म्हणाले. "माझी दुसऱ्या खेपेला वाढली, वस्ताद. तापल्यावर वाढली."

ते हुंकारले. त्यांचं जाडजूड बोट रेघेवरून फिरायला लागलं. मी कागदाच्या कडेला छापलेली बारीक अक्षरं वाचायला लागले. तारीख, वेळ, हवेचा दाब, आणि त्याखाली हवेचं तापमान.

एकसष्ट अंश.

मी ते दोनदा वाचलं. मार्च महिन्यातली दुपार कलली होती. ऊन होतं, पण माणसं शेडमध्ये आरामात उभी होती, दारातून वारा येत होता. एकसष्ट अंशाच्या हवेत माणूस उभा राहू शकत नाही. मी बोट ठेवलं. वस्तादांनी चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ नेला. मग मान वळवून शेडमधल्या माणसांकडं बघितलं, जणू कुणी भाजून निघालंय का ते बघत होते.

"एवढं ऊन हाय कुठं?" ते म्हणाले.

आता हे तापमान का महत्त्वाचं, ते सांगते. इंजिन हवा खाऊन पळतं. हवा थंड आणि दाट असली की इंजिनाचं पोट भरतं. गरम हवा विरळ, तिच्यात इंजिन अर्धपोटी राहतं, ताकद कमी पडते. मग एकाची गाडी थंडीत मोजली आणि दुसऱ्याची भर उन्हात, तर उन्हातल्यावर अन्याय होतो. तो होऊ नये म्हणून डायनोचा संगणक हवेचं तापमान बघतो आणि मोजलेल्या ताकदीत आपल्या हिशेबानं भर घालतो. उपाशीपोटी आखाड्यात उतरलेल्या पैलवानाला पंचांनी सूट द्यावी तसं. हवा जेवढी गरम, तेवढी सूट मोठी. नियमात धरायचा आकडा हा असा भर घातलेलाच असायचा.

म्हणजे शेडमध्ये एकसष्ट अंश उष्णता आहे असं समजून त्या यंत्रानं आम्हाला नको एवढी दया दाखवली होती.

"तापमान मोजायचा सेन्सर कुठाय तुमचा?" मी केसकरांना विचारलं.

केसकर चटकन उठले. त्यांच्या लक्षात माझ्या आधी आलं असावं, कारण ते वायर चाचपत थेट रोलरच्या मागं गेले, खाली वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले. सकाळी तो सेन्सर त्यांनी समोर पंख्याशेजारी टांगला होता. जेवणानंतर गर्दी वाढली म्हणून पंखा मागं ओढला, तेव्हा वायर ताणली गेली आणि सेन्सर सुटून खाली पडला. पडला तो नेमका धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाला चिकटून. जी गाडी पळेल तिच्या सायलेन्सरचा सगळा जाळ त्याच्या शेजारून जात होता. जितक्या वेळा गाडी पळवावी तितका तो जास्त तापत होता.

केसकर उठून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी आहे. पंखा मी हलवला. दोन्ही गाड्यांची मोजणी रद्द. परत घेऊ."

दुसरा एखादा असता तर नियमाच्या आड दडला असता. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे.

आता पुन्हा सगळं लावायचं होतं. सेन्सर कुठं टांगावा यावरून पुन्हा दहा तोंडं दहा गोष्टी सांगायला लागली. यशवर्धनचा अजून विश्वास बसत नव्हता. तो म्हणत होता, आता तुम्ही पाहिजे तसा आकडा काढाल. वस्तादांनी सेन्सर केसकरांच्या हातून घेतला आणि सरळ यशवर्धनच्या हातात दिला.

"तू धर. पंख्याफुडं, गार हवेत. तुझ्या हाताला गरम लागलं तर बोल."

तो बिचारा गाडी थंड होईपर्यंत आणि मग मोजणी संपेपर्यंत हात लांब करून उभा होता. पडद्यावर तापमान उतरत उतरत छत्तिसाला येऊन थांबलं. शेजारी टांगलेला साधा थर्मामीटरही तेवढंच दाखवत होता.

आधी वस्तादांची गाडी. इंजिन ओरडलं, रेघ चढली. एकोणीस पॉइंट आठ. यशवर्धननं सुटकेचा श्वास सोडला, आणि त्याचा राग तिथंच निम्म्यावर आला.

मग माझी. जुबेर उठून माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. त्यानं माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं, त्याला ते कळतही नव्हतं. इंजिन सुरू झालं. खालून ते नेहमीसारखं गुरगुरत निघालं, मधे भरून आलं, वर गेलं. मला डोळे उघडे ठेवायचे होते, पण बघवेना. मी रोलरच्या गरगर फिरणाऱ्या कडेकडं बघत राहिले. तो थांबला.

"एकोणीस पॉइंट पाच," केसकर म्हणाले. आणि मग, न राहवून, हसले. "अभिनंदन, मॅडम. गाडी नियमात आहे. चषक तुमचा."

जुबेरनं काय केलं ते मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की तो शेडच्या बाहेर धावत गेला आणि हलगीवाल्यांना काहीतरी सांगितलं. बंद पडलेली हलगी अशी कडाडली, की आतले पत्रे पुन्हा थरथरले. माणसं बाहेर पळाली. माझ्या पाठीवर कुणाकुणाचे हात पडत होते. मघाशी माना डोलावणारे तेच आता, आम्हाला माहीतच होतं, म्हणत होते.

वस्ताद मात्र बाहेर गेले नाहीत.

ते टेबलापाशी होते. शेवटचे दोन ग्राफ त्यांनी हातात घेतले होते, एक त्यांच्या गाडीचा, एक माझ्या. दोन्ही कागद एकावर एक ठेवून त्यांनी दाराकडं, उजेडासमोर धरले. दोन्ही रेघा एकमेकींवर आल्या. मी जवळ गेले.

आमचं बिनसलं होतं ते याच दोन रेघांवरून. तेव्हा गिऱ्हाइकांना आकड्याचं वेड लागलं होतं. जो तो विचारायचा, किती हॉर्सपॉवर निघेल. वस्ताद आकडा काढून द्यायचे. हेडमधली पोर्ट, म्हणजे हवा आत जायची वाट, ते घासून घासून रुंद करायचे. वाट रुंद झाली की इंजिन अगदी वरच्या वेगाला भरपूर हवा ओढतं आणि मोठा आकडा देतं. पण खालच्या वेगाला त्याच रुंद वाटेतून हवा रेंगाळत येते. गाडी वळणातून निघताना नेमकी तिथंच अडखळते. मी म्हणाले होते, वस्ताद, वाट रुंद करण्यापेक्षा गुळगुळीत करू, अरुंदच ठेवू, वरचा आकडा गेला तर जाऊ दे. ते गिऱ्हाइकांसमोर हसले होते. म्हणाले होते, आकडा कमी करायला माझ्याकडं कोण येईल, असली इंजिनं करायची असतील तर स्वतःचं दुकान काढ. मी काढलं.

आता त्यांच्या हातात दोन्ही रेघा होत्या. उजव्या टोकाला, म्हणजे सगळ्यात वरच्या वेगाला, त्यांची रेघ माझ्यापेक्षा उंच गेली होती. पण मधे, जिथं प्रत्येक वळणातून निघताना इंजिन असतं, तिथं माझी रेघ त्यांच्या रेघेच्या वर फुगून आली होती. सुरुवातीपासून जवळजवळ शेवटापर्यंत.

"शेंडा माझा उंच हाय," ते म्हणाले.

मी मान डोलावली.

"पर शेंड्यावर गाडी असती किती येळ?" त्यांनी कागद खाली घेतले. "सरळ रस्ता संपता संपता, डोळ्याचं पातं लवायच्या आत. बाकी सगळी शर्यत ह्या मधल्या जागंत." त्यांनी माझ्या रेघेच्या फुगवट्यावर बोट आपटलं. "कमी ताकदीच्या गाडीनं मला हरवलंस व्हय गं पोरी."

त्यांच्या आवाजात काय होतं ते मला तेव्हा कळेना. मी वर बघितलं तर ते हसत होते. मिशीच्या आतून नव्हे, चांगले दात दिसेपर्यंत.

"हेड उघडून दाखवशील?" त्यांनी विचारलं. विचारलं म्हणते, कारण सहा वर्षांत त्यांनी मला सांगितलं होतं खूप, विचारलं कधी नव्हतं.

तिथंच, शेडच्या दारात, गाडी थंड झाल्यावर मी हेड उघडलं. वस्ताद उकिडवे बसले. करंगळी पोर्टमध्ये घालून त्यांनी आतून फिरवली. अंगठा घालून बघितला, तो गेला नाही. त्यांच्या इंजिनात तो सहज जायचा. मग त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारायला सुरुवात केली. आतलं वळण कुठून धरलं, पॉलिश पेपर कितीचा वापरला, पेट्रोल सोडणारा जेट कितीचा ठेवला. मी सगळं सांगितलं. काही राखलं नाही. त्यांनी तरी माझ्यापासून कधी काय राखलं होतं. यशवर्धनही येऊन शेजारी बसला आणि निमूट ऐकायला लागला. मग जुबेर आला, आणि यशवर्धननं त्याला विचारलं, तिसऱ्या वळणात तू ब्रेक कुठं सोडत होतास रे. दोघं बोलत बाजूला गेले.

पुढच्याच महिन्यात जुबेर चेन्नईला चाचणीला गेला आणि निवडून आला.

पण त्या संध्याकाळी आम्हाला मिरवत उद्यमनगरात नेलं. उघड्या टेंपोत गाडी, गाडीवर जुबेर, पुढं हलगी. गुलाल एवढा उधळला की रस्ता दिसेना. लेथच्या दुकानांतून, फाउंड्रीतून माणसं हात पुसत बाहेर येत होती. मी टेंपोच्या मागून चालत होते आणि माझ्याशेजारी, टोपी गुलालानं लाल झालेले वस्ताद.

त्या भागातल्या माणसांना शर्यतीचं एकच कळतं. दर दुकानासमोर कुणीतरी ओरडून विचारायचं, जिंकलेल्या गाडीची हॉर्सपॉवर किती. मी उत्तर द्यायला तोंड उघडायच्या आत वस्ताद हात वर करायचे.

"माझ्यापेक्षा कमी," ते ओरडून सांगायचे.

समोरचा बुचकळ्यात पडायचा. वस्ताद पोट धरून हसायचे आणि पुढच्या दुकानाकडं चालायला लागायचे, तिथंही कुणीतरी विचारेल म्हणून.